श्टुटगार्टची बटाट्याची कोशिंबीर

नाताळच्या आदल्या रात्री जर्मनीत कितीतरी घरी अगदी साधा बेत असतो: सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर. श्टुटगार्टला आमच्या घरमालकीण आजीबाईंनी ती करताना मला मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावले.

शिजून न फुटणारे, घट्ट जातीचे बटाटे त्यांनी सालीसकट उकडले. हात भाजत असतानाच सोलून पातळ चकत्या केल्या. "गार झाले की रस पीत नाहीत!" त्या म्हणाल्या. मग बारीक कांदा, वाटलेली मोहरी, व्हिनेगर, आणि त्यावर कढत सूप. हे सूप गोमांसाचे असते, हे मी ऐकून होते. आता नाही कसे म्हणावे? तोच आजीबाई म्हणाल्या, "गाजर-कांद्याचे आहे हो. तुझ्यासाठी."

तेल सर्वांत शेवटी; आधी घातले तर सूप मुरत नाही. उत्तरेकडे मेयोनीज घालतात, हे सांगताना त्यांनी नाक मुरडले! कालवताना पचपच आवाज आला, की कोशिंबीर जमली.

त्या वर्षी त्यांचा मुलगा यायचा नव्हता आणि माझे घर तर सातासमुद्रापलीकडे. टेबलावर दोनच ताटल्या होत्या. पण वाडगा मात्र आम्ही दोघींनी पुसून रिकामा केला.