साटंलोटं

युती ‘होते’, आघाडी ‘करतात’ आणि समोरच्यांनी केली की ती हातमिळवणी! ‘आम्ही हातमिळवणी केली’ असं सांगणारा पुढारी मला अजून भेटायचाय. शिवसेना-भाजप १९८९ मध्ये एकत्र आले, ती युती. २०१९ मध्ये तीन पक्ष जमले, ती आघाडी. बातम्यांमध्ये हे शब्द मी सटासट टाइप करते. पण आमच्या परभणीकडे याहून नेमका शब्द आहे, साटंलोटं.

पेपरात साटंलोटं ‘असतं’, म्हणजे आतून संगनमत. गावाकडे ते ‘करतात’. आपली मुलगी त्या घरी द्यायची, त्यांची आपल्याकडे आणायची. हुंड्याची कटकट नाही, मांडवही एकच. सेलूजवळच्या आमच्या घरात हेच झालं. आई इकडे आली, आत्या मामाला दिली. त्यामुळे माझी आत्या हीच माझी मामी. (हाक काय मारायची, हा आमचा लहानपणीचा राष्ट्रीय प्रश्न!)

कागदावर एकदम मस्त डील. पण एकदा आई रुसून माहेरी गेली, तर मामानं त्याच संध्याकाळी आत्याला एसटीत बसवून दिलं. तिचं कुणाशीच भांडण नव्हतं. आठ दिवस दोघी आपापल्या माहेरी. शेवटी दोघींनीच एकमेकींना निरोप धाडला आणि कुणालाही न विचारता, एकाच दिवशी सासरी परतल्या.

आता माझ्यासाठी तसंच स्थळ आलंय. मी तिकडे, तिकडची मुलगी दादाला. बाबा खूश, आई गप्प. आत्याचा फोन आला. म्हणाली, “तुझं आन् त्या पोराचं जमतंय का, तेवढं बघ बाई. त्याच्या बहिणीचं राहू दे.”