गाडीखालचा कुत्रा

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, असे आपल्याकडे उपहासाने म्हणतात. मला मात्र त्या चित्रात कुत्र्याचे सुखच अधिक दिसते. बैलगाडीच्या पोटाखाली सावली असे, वेग बैलांचा असे, आणि दमला की कुत्रा हवा तेथे थांबू शके. पुढे गाडी बदलली, कुत्रा खालून वर आला, आणि हे तिन्ही आधार सुटले.

होसकोटे हे नाव मराठी वाचकास सर्वस्वी अपरिचित नसावे. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर ते येते. जुन्या मद्रास रस्त्यावरील या गावात आज मालवाहू गाड्यांची रीघ खंडत नाही. एखाद्या टेम्पोच्या उघड्या हौद्यात, फाळक्यावर पुढचे पाय टेकून, कान वाऱ्यावर सोडून उभा असलेला कुत्रा मी येथे अनेकदा पाहतो. केवढा हा आनंद, असे पाहणाऱ्यास वाटते.

त्या आनंदाचा हिशेब निष्ठुर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. चालकाने ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण हौद्यातील कुत्र्याच्या अंगातला वेग तसाच राहतो. त्या वेगाने रस्त्यावर वा पत्र्यावर आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटरांवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. शिवाय उन्हात तापलेला पत्रा तळवे भाजतो आणि वाऱ्याबरोबर धूळ, खडे डोळ्यांत जातात.

बांधून ठेवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. एके सकाळी चौकाजवळ एका टेम्पोपुढे दुचाकी आडवी आली आणि धक्क्यासरशी कुत्रा बाहेर फेकला गेला. गळ्यातला दोर फाळका ओलांडण्याइतका लांब होता, जमिनीपर्यंत पोहोचण्याइतका नव्हता. लोकांनी धावत जाऊन त्याला उचलून धरले, एका भाजीवालीने विळ्याने दोर कापला, म्हणून तो वाचला. मालक त्याला कुशीत घेऊन रस्त्यावरच बसला. ‘पडू नये म्हणूनच तर बांधला होता’, एवढेच तो कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या मायेत काही उणे नव्हते. चूक दोराच्या मापात होती.

प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले. १९७८ च्या प्राणिवाहतूक नियमांत कुत्र्यामांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. परंतु त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास ठरविलेला दंड १० ते ५० रुपयांचा. त्याच्या धाकाने कोणाची सवय मोडेल असे वाटत नाही. उपाय त्याहून सोपे आहेत. कुत्र्याला केबिनमध्ये घ्यावे. तेथे जागा नसेल तर हवा खेळती राहील असा पिंजरा केबिनच्या पाठीला लावून हौद्याला घट्ट जखडावा, आणि वर सावली करावी.

महाभारतात इंद्राचा रथ समोर उभा असता धर्मराजाने कुत्र्याला मागे टाकून त्यात पाय ठेवण्याचे नाकारले. आपल्या गाडीवाल्यांनाही कुत्र्याला मागे टाकवत नाही, हे त्यांचे मोठेपणच. फक्त फाळका लावण्यापूर्वी त्यांनी आपल्या शेजारची जागा रिकामी आहे का, एवढे एकदा पाहावे.