सिद्धगडचा मुक्काम

प्रवासाला निघणारा मनुष्य तीन गोष्टी आधी विचारून घेतो. उतरायचे कोठे, खायचे काय आणि रात्र घालवायची कशी? पूर्वीचा वाटसरू धर्मशाळेची चौकशी करी, आजचा हॉटेलाची करतो. एवढाच काय तो फरक.

कल्याणमधील एका बारा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न नाताळच्या सुट्टीत पडले. त्याचा वर्गमित्र आईवडिलांबरोबर स्पेनमधील बार्सिलोना शहर पाहून आला होता. १८८२ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले आणि शतक उलटले तरी जे चालूच राहिले, अशा सग्रादा फामिलिया नावाच्या भव्य मंदिराचे वर्णन तो रोज करी. तेथे लोक रात्री दहाला जेवतात, मग चौकाचौकांतून गाणे-बजावणे चालते, हेही तो रंगवून सांगे. ते ऐकून ऐकून ह्या मुलाने मामाकडे हट्ट धरला. मामा पोस्टात नोकरीला होता. तो म्हणाला, "१ जानेवारीला आपण मुक्कामाला जाऊ. सिद्धगडला."

"तिथे हॉटेल कोणते आहे, मामा?"

"उतरायची सोय चांगली आहे," मामा म्हणाला आणि पिशवीत साखर व चहाची पुडी भरू लागला.

कल्याणहून एस.टी.ने मुरबाड, तेथून म्हसा आणि पुढे नारिवली असा तो प्रवास झाला. म्हशाला पौष पौर्णिमेपासून मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने ह्यांसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. जत्रेला अजून अवकाश असल्यामुळे मैदान मोकळेच होते, आणि मुलाने खिडकीतून त्याकडे नीट पाहिलेही नाही. त्याचे डोळे समोरच्या डोंगरावर खिळले होते. भीमाशंकरच्या उंच पठाराला पाठ टेकून सिद्धगड उभा होता. एका अंगाला गोरखगड आणि मच्छिंद्राचा सुळका दिसत होता. भात कापून झालेल्या खाचरांतून आणि वाळलेल्या कारवीतून वाट काढीत दोघे दिवस कलताना पायथ्याच्या एका वाडीत पोहोचले. वाटेत उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचे एक घरटे दिसले. ते शेकरूचे होते. ही तांबूस, झुबकेदार शेपटीची मोठी खार म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मुलाने पुष्कळ वेळ मान वर करून पाहिले, पण घरधनी काही बाहेर आला नाही.

ज्या घरासमोर मामा थांबला, त्याच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वर कौले आणि पुढे शेणाने सारवलेले अंगण. दारात एक म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलीत बसली होती.

"आलास का दादा? ह्या साली उशीर केलास," ती म्हणाली. मग मुलाकडे वळून, "बाळा, आधी पायांवर ऊन पाणी घे. मग बोलू."

मुलाचा चेहरा पडला. हॉटेल म्हणून त्याने जे काही मनात रंगवले होते, त्यातले येथे काहीच नव्हते. जेवायला नाचणीची भाकरी, पावट्याचे कालवण आणि खुरासणीची चटणी होती. आधी तोंडात टाकायला उकडलेले करांदे. करांद्याची कडसर चव त्याला आवडली नाही, हे सांगायलाच हवे. परंतु भाकरी मात्र तो एकामागून एक तीन खाऊन गेला. हात धुतल्यावर त्याने मोठ्या माणसासारखी खिशातून नोट काढली आणि विचारले, "आजी, जेवणाचे किती झाले?"

मामा एकदम गोरामोरा झाला. म्हातारी मात्र हसली. "भाकऱ्या मोजायच्या असत्या, तर तुला तिसरी वाढली असती का रे?"

नोट खिशात परत गेली. मुलाला काय चुकले ते कळले नाही, पण काही तरी चुकले, हे कळले.

पुढे अंगणात शेकोटी पेटली. दोन घरे सोडून ठाकरांच्या अंगणात ढोलकी वाजू लागली, आणि माणसे फेर धरून नाचू लागली. तिकडे कोणी तिकीट विचारीत नव्हते. रस्त्याने मात्र माणसे सारखी रानाच्या दिशेने चालली होती. मुलाने विचारले तेव्हा मामा शेकोटीशी सरकून बसला आणि सांगू लागला.

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारे भाई कोतवाल म्हणतात, ते १९१२ मध्ये जन्मले. घर गरिबाचे, तरी ते शिकून वकील झाले. त्या काळी शेतकऱ्याला पावसाळ्यात सावकाराकडून धान्य काढावे लागे आणि ते फेडता फेडता त्याचे कंबरडे मोडे. म्हणून भाईंनी गावकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या, आणि मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली, तेव्हा ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यात बहुतेक साधे शेतकरी होते. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे ते रात्री पाडीत. इंग्रज सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. शेवटी दस्ता ह्या सिद्धगडाच्या रानात आला.

"मग ते उतरले कुठे? जेवले काय?" मुलाने विचारले.

मामाने म्हातारीकडे पाहिले. ती निखारे सारखे करीत होती. "माझी सासू तेव्हा नवी सून होती," ती सावकाश म्हणाली. "पण त्या दिवसांचं ती बोलली नाही कधी. विचारलं तर म्हणायची, कोण आला, कोण जेवला, हे सांगायचं नसतं."

मामा पुढे फारसे बोलला नाही. पोलिसांना ठिकाणाची खबर लागली, आणि २ जानेवारी १९४३ रोजी त्यांनी दस्त्याला गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील मारले गेले. भाईंनी नुकतीच तिशी गाठली होती.

रात्री मुलाला जाग आली. बाहेर रातवा पक्षी एकसुरी ओरडत होता. अंगावर जाड घोंगडी असूनही थंडी जाणवत होती. शेजारी मामा दुसऱ्या घोंगडीत गाढ झोपला होता. अंगणातल्या विझत्या शेकोटीपाशी म्हातारी लुगड्याचा पदर घट्ट लपेटून बसली होती. घरात घोंगड्या दोनच होत्या. मुलगा उठून बसला. आपली घोंगडी नेऊन द्यावी असे त्याच्या मनात आले, पण ती घेणार नाही, हेही त्याला पक्के ठाऊक होते. मग तो घोंगडी घेऊनच बाहेर गेला आणि तिच्याजवळ बसून तिचे अर्धे टोक त्याने तिच्या खांद्यावर टाकले. ती काही बोलली नाही. तिने शेकोटीत एक काटकी टाकली.

पहाटे अंधारातच तिघे निघाले. स्मारकापाशी कितीतरी माणसे गोळा झाली होती. म्हातारे होते, शाळेची मुले होती, दूरच्या गावांहून आलेलेही होते. उजाडण्याच्या सुमारास सारे स्तब्ध उभे राहिले. झाडांवरून दव टपटपत होते, तेवढाच आवाज. मुलाने चोरून पाहिले. म्हातारीने पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या होत्या.

निघताना तिने फडक्यात चार भाकऱ्या बांधून दिल्या. मुलाने त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि वाकून नमस्कार केला.

परतीच्या एस.टी.त तो बराच वेळ गप्प होता. म्हशाचे मैदान आले, तेव्हा त्याने मान बाहेर काढून ते शेवटपर्यंत पाहिले.

"मामा, जत्रा कधी भरते म्हणालास?"

"पौष पौर्णिमेला. का रे?"

"घोंगडी केवढ्याला मिळते तिथे?"

मामाने त्याच्याकडे वळून पाहिले. "तुझ्याजवळ किती आहेत?"

मुलाने खिशातली नोट बाहेर काढली आणि तिची घडी नीट केली.