संस्कृत की फ्रेंच?



परीक्षा संपत आल्या की आमच्या स्वाध्याय मंडळात हा प्रश्न ठरलेला. कुणाची तरी नात आठवीत जाणार असते, शाळेतून भाषा निवडायचा कागद घरी येतो आणि सून विचारते, "आई, संस्कृत घ्यायचं की फ्रेंच?" मग मंदिराच्या कट्ट्यावर चर्चा रंगते. एक म्हणते, फ्रेंचला मार्क पडतात. दुसरी म्हणते, "संस्कृत सोडलं तर पुढे भक्तामर कोण म्हणणार?" तिसरीला वेगळीच काळजी. "त्या भाषेबरोबर त्यांचं खाणंपिणंही घरात येईल हो!"

माझ्या नातीने आठवीला फ्रेंच घेतलं, यंदा ती दहावीत आहे. या काळात तिच्या वह्यांशेजारी बसून जे दिसलं, ते तुम्हाला सांगते. निर्णय तुमच्या घराचा.

आधी मार्कांचं बोलू, कारण कागद भरताना सगळ्यांच्या मनात तेच असतं. फ्रेंचमध्ये सगळी मुलं शून्यापासून सुरू करतात, त्यामुळे सुरुवातीचे धडे सोपे असतात आणि मार्क मिळतात, हे खरं. पण मी कॉमर्सची. नुसती जमा बघून हिशेब पुरा होत नाही. मार्कांसाठी पाठ केलेली भाषा गुणपत्रिकेवरच राहते. फ्रेंचमध्ये लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, शेवटची अक्षरं बहुधा गिळायची. कान तयार झाल्याशिवाय ती येत नाही. म्हणून मला डेल्फ परीक्षेची रीत पटते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, प्रत्येकाला 25 मार्क, एकूण 100. पास व्हायला 50 हवेत आणि एकाही भागात 5 च्या खाली जाऊन चालत नाही. तुमच्या मुलीने फ्रेंच घेतलंच तर शाळेच्या पुस्तकापलीकडे रोज दहा मिनिटं तिला ऐकू द्या.

मला स्वतःला गंमत वाटली ती या भाषेच्या आपल्याशी असलेल्या नात्याची. नात क्रियापदं पाठ करत होती. 'आहे' ला लिहायचं 'एस्त' आणि म्हणायचं नुसतं 'ए'. 'आहेत' ला लिहायचं 'सोन्त' आणि म्हणायचं 'सों'. मी म्हटलं, अगं, हे तर अस्ति आणि सन्ति! पाठशाळेत शिकलेलं तिला आठवलं आणि ती हसायला लागली. आकडेही तसेच. दोन म्हणजे 'द', तीन 'त्र्वा', सात 'सेत', नऊ 'नफ'. त्यांच्याकडे 'नफ' म्हणजे नऊ आणि नवीनसुद्धा. आपल्या संस्कृतातल्या 'नव' चेही हेच दोन अर्थ. दोन्ही भाषा फार मागे एकाच घरातल्या, एवढं यावरून मुलांना सहज कळतं.

ऐंशीला ते 'चार वीस' म्हणतात आणि नव्याण्णवला 'चार वीस दहा नऊ'. वर्गातल्या मुलांना हे विचित्र वाटतं. माझ्या सासूबाई पापड विसांवर मोजायच्या, चार विसा म्हणजे ऐंशी. नातीला हे सांगितल्यावर तिचे फ्रेंच आकडे एका संध्याकाळी पाठ झाले.

आता खाण्यापिण्याचं. ही काळजी खोटी नाही. परकी भाषा शिकवताना पहिल्या काही धड्यांतच न्याहारी, बाजार आणि हॉटेल येतं. फ्रेंचच्या पुस्तकात तिथे कोंबडी असते, डुकराचं मांस असतं, दारू असते. नववीत एकदा गृहपाठ होता, 'मी काय खाते' यावर पाच वाक्यं. नातीने धड्यातले शब्द घेऊन लिहिलं, मी कोंबडी खाते, मला हॅम आवडतं. मी वहीतल्या वाक्यांचा अर्थ विचारला तेव्हा ती सहज म्हणाली, "अगं आजी, व्याकरणासाठी आहे ते. खरं थोडंच आहे?" माझा मुलगाही म्हणाला, "आई, सोड ना, मार्क वाक्याला आहेत."

मी रागावले नाही, पण सोडलंही नाही. पाच अणुव्रतांत सत्य आहे, ते मराठीपुरतं नाही. शिवाय जी मुलगी वहीत 'मी खाते' असं पंचवीस वेळा लिहील, तिला उद्या परदेशात कुणी ताट पुढे केलं तर 'मी खात नाही' हे कुठून सुचणार? मी एवढंच विचारलं, "खरं लिहायला शब्द नाहीत का त्या भाषेत?"

शब्द होते. ती शब्दकोश घेऊन बसली आणि आम्ही पाच वाक्यं नव्याने केली. 'ज न मांज पा द व्यांद', मी मांस खात नाही. फ्रेंचमध्ये नकाराचे दोन तुकडे असतात, 'न' आणि 'पा', आणि क्रियापद त्या दोघांच्या मध्ये बसतं, दोन्ही बाजूंनी कुंपण घातल्यासारखं. कांदा 'ओन्यों', लसूण 'आय'. 'शिवाय' ला 'सां'. बटाट्याला म्हणतात 'पोम द तेर', म्हणजे जमिनीतलं सफरचंद. नात म्हणाली, "आजी, यांच्या तर नावातच कंदमूळ आहे!" चातुर्मासात घरी बटाटा का येत नाही, हे ती वर्गात फ्रेंचमधून सांगू शकली.

बाईंनी वही तपासली तेव्हा एकाच जागी लाल खूण होती. होकाराच्या वाक्यात कोंबडीच्या आधी 'द्यु' येतं, पण नकारात त्याचं 'द' होतं. तो नियम वर्गात पुढे शिकवायचा होता, आमच्या नातीला आधीच कळला.

आणखी एक उपयोग. आपल्यातल्या बऱ्याच जणींची मुलं आता युरोपात आहेत. पाकिटावर 'जेलातिन' दिसलं तर ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं असतं. फ्रान्समधल्या अनेक पारंपरिक चीजमध्ये 'प्रेझ्युर' असतं, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण. भाषा येत असेल तर व्रत सांभाळणं सोपं जातं.

धर्म आणि परकी भाषा यांचं वैर आपल्या परंपरेत कधीच नव्हतं. भगवंतांचा उपदेश लोकभाषेत, अर्धमागधीत झाला. आपल्या आचार्यांनी प्राकृतात लिहिलं, संस्कृतात लिहिलं, कन्नड आणि तमिळमध्येही लिहिलं. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जाऊन आलेल्या मैत्रिणींना ते शिलालेख आठवत असतील. मूर्ती कुणी करवली ते तिथे कन्नड, तमिळ आणि मराठीत कोरलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं, हाच हेतू असणार.

आणि फ्रेंच लोकांनीही आपल्या धर्माचा अभ्यास मनापासून केला आहे. गेरिनो यांनी 1906 मध्ये जैन ग्रंथांची मोठी सूची फ्रेंचमध्ये छापली आणि 1926 मध्ये जैन धर्मावर पुस्तक लिहिलं. कोलेत काया या विदुषींनी साधूंच्या प्रायश्चित्त-विधीवर 1965 मध्ये ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर पुढे अहमदाबादहून निघालं. पॅरिसच्या नलिनी बलबीर यांनी प्राकृत आणि जैन हस्तलिखितांवर मोठं काम केलं आहे. आपल्या मुलींपैकी एखादी उद्या हे मूळ फ्रेंचमधून वाचेल, कुणी सांगावं?

पण खर्चाची बाजूही मांडायला हवी. संस्कृत सोडल्याने तोटा होतो. शब्दरूपं, संधी, समास यांची शाळेत जी बैठक बसते ती घरी बसत नाही. म्हणून आमच्या घरी फ्रेंचचा कागद भरतानाच एक ठरलं, रविवारची पाठशाळा चुकवायची नाही. दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो, तो नात माझ्याबरोबर अर्थासह वाचते. आणि हेही लक्षात घ्या, शाळेत संस्कृत घेतलं तरी णमोकार मंत्र प्राकृतात आहे. तो शाळा शिकवत नाही. तो आजवर आपणच शिकवत आलो.

तेव्हा कागद भरण्याआधी मुलीलाच विचारा, तिला कशाची ओढ आहे. संस्कृत घेतलं तर उत्तम. फ्रेंच घेतलं तर वहीत डोकावत राहा, अर्थ विचारत राहा आणि 'मी खात नाही' हे वाक्य पहिल्या महिन्यातच पाठ करून घ्या. तुमच्या घरी काय ठरलं, तेही मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.