उरलेल्या वायरीतला मृदंग

आमच्या घरी वायरीचा तुकडा टाकून देण्याची पद्धत नाही. बाबा डिश बसवण्याची कामे करतात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतली घरे झाडांत दडलेली, उताराला टेकलेली. डिशला आग्नेयेकडचे आकाश मोकळे हवे, म्हणून ती कधी पडवीवर, कधी दूर बांधावर बसते आणि तिथून घरापर्यंत वायर ओढावी लागते. उरलेला हात-दोन हात तुकडा पिशवीतून घरी येतो. जुलै 2021 च्या महापुरानंतर महाडात काढलेली भिजकी वायर मात्र बाबांनी घरात येऊ दिली नाही. ‘आत पाणी शिरलं की वायर मेली,’ असे ते म्हणाले.

ही कोअ‍ॅक्सियल वायर. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चंदेरी वेष्टन, मग बारीक तारांची जाळी आणि वर काळे आवरण. इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 साली अशा तारेचे पेटंट घेतले होते.

आजोबा गेले, त्यांचा मृदंग उरला तो एका सीडीत. गावच्या भजनी मंडळाने कधीतरी ती करून घेतली होती. आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरच्या लाल-पांढऱ्या भोकांपैकी एकातून आवाज येईनासा झाला आणि नेमका मृदंग त्याच बाजूला होता. शेजारीच एक नारिंगी भोक होते. त्यातून आवाज आकड्यांच्या रूपाने, जसाच्या तसा बाहेर पडतो. सीडीवर आवाजाची नोंद एका सेकंदात 44,100 वेळा घेतलेली असते. ते आकडे पोहोचवण्याची रीत सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ठरवली. तिला 75 ओहमची वायर लागते आणि डिशची वायरही 75 ओहमचीच असते, हे मी वाचले होते. बाबांना एका गिऱ्हाइकाने दिलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला तसेच भोक होते.

मी डाख द्यायला इस्तरी तापवू लागले, तोच बाबा म्हणाले, ‘थांब. जाळी अ‍ॅल्युमिनियमची आहे, तिला डाख धरत नाही.’ त्यांनी आवरण इंचभर सोलले, जाळी मागे दुमडली, फेस कापून मधली तार उघडी केली आणि एफ कनेक्टर फिरवून बसवला. त्यावर आरसीएचा अडॅप्टर. दुसरे टोक मी केले.

मग बाबांनी मीटर लावले. तारेच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य! ‘अगं, तुझे 75 गेले कुठे?’

मी सांगितले, हा साधा रोध नव्हे. वेगाने बदलणाऱ्या लहरीला वायर जशी सामोरी जाते, त्याचे हे माप. मधल्या तारेची जाडी, जाळीचे अंतर आणि फेस यांवर ते ठरते, लांबीवर नाही. माप जुळले नाही, तर घाटात मारलेली हाक कड्यावरून परतावी तसा लहरीचा काही भाग मागे फिरतो. हातभर अंतराला साधी तारही बहुधा चालून जाते. पण घरात योग्य तीच पडून असताना दुसरी कशाला?

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. ‘म्हणजे मीटर खोटं नाही. त्याला हे विचारता येत नाही, इतकंच.’

सीडी लावली. मृदंग दोन्ही बाजूंनी भरून आला. आजीने पदराने डोळे टिपले. बाबा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे काहीतरी बघत राहिले.

माझ्याआधी आमच्या घरातले कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. ‘बी.ए. करून काय होणार?’ हा प्रश्न पाहुण्यांच्या चहाबरोबर येतोच. बाबांचे कामही आता कमी होत चालले आहे. लोक मोबाइलवरच सारे पाहतात. दोन्ही विद्यांचे पुढे काय होईल, हे सांगता येत नाही. पण डाख न धरणारी जाळी मला पुस्तकात भेटली नव्हती आणि मीटरला न दिसणारे 75 बाबांना कामात भेटले नव्हते. एक हातभर वायर जोडायला दोघेही लागलो.

हल्ली बाबा कामावरून आले की पिशवी ठेवता ठेवता विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ विषय अर्थशास्त्राचा असला तरी बसून ऐकतात.