आधी माल, मग यादी!

एक बाइट! फक्त एक बाइट बदलला आणि सगळं जागच्या जागी थांबलं!

सध्या मी बनारसला, शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत मावशीकडे राहून ऑफिसचं काम करतेय. काल दोन जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स टाकलं आणि एकाला मिरर सर्व्हर केलं. म्हणजे गरजेपुरती सॉफ्टवेअरची पॅकेजं इंटरनेटवरून एकदाच उतरवायची आणि पुढे घरातल्या घरात वाटायची. मग मुद्दाम एका पॅकेजमधला एक बाइट बदलला आणि दुसऱ्या लॅपटॉपला ते इन्स्टॉल करायला सांगितलं. पडद्यावर ओळ आली: ‘हॅश सम मिसमॅच’. इन्स्टॉल नाही म्हणजे नाही! मी इतक्या जोरात ओरडले की मावशी स्वयंपाकघरातून धावत आली.

यामागची रचना बघा. प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला 256 बिटांचा ठसा, पॅकेजांच्या यादीत असतो. त्या यादीचा ठसा ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये असतो. आणि त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही असते! सही पडताळायची किल्ली आपल्या मशीनमध्ये आधीपासूनच असते. म्हणजे मधला सर्व्हर कुणाचाही असो, त्याच्या शब्दावर काहीच अवलंबून नाही. त्याने माल बदलला तर तो तिथल्या तिथे पकडला जातो. सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही याच डेबियनवर उभं आहे.

याहून सुंदर गोष्ट रात्री सापडली. मिररवर नवा माल येत असतानाच कुणी अपडेट मागितलं तर? यादीत नवं पॅकेज दिसतंय आणि फाइल अजून पोचलेलीच नाही, असा घोळ व्हायचा. म्हणून डेबियनचे मिरर दोन टप्प्यांत भरतात. आधी पॅकेजं आणायची, जुनं काहीही न पुसता. ती सगळी आली की मग नवी यादी लावायची आणि जुन्याची सफाई अगदी शेवटी. आधी माल, मग यादी! क्रम इतका साधा, पण त्यामुळे यादीत असलेली वस्तू कोठारात नाही, अशी वेळच येत नाही.

आणि गर्दीचं काय? शेकडो मशीन सकाळी एकदम सर्व्हरवर तुटून पडली तर? इथे मला घरासमोरचा घाटच आठवला. 1830 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला हा घाट इतका भरभक्कम होता की स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. सर्व्हरचंही तेच. नुसता मोठा करून भागत नाही, भार वाटावा लागतो. म्हणून मोठ्या कंपन्या मुख्य सर्व्हरखाली शाखाशाखांत छोटे सर्व्हर ठेवतात. डेबियन तर वेळही वाटतं! रोजच्या अपडेटची वेळ सकाळ-संध्याकाळी 6 ची, पण प्रत्येक मशीन त्यात 12 तासांपर्यंतचा उशीर आपल्या मनाने मिसळतं. केवढी ही अक्कल!

मात्र मूळ गंगोत्रीच गढूळ झाली तर मधली पडताळणी पुरत नाही. 27 जून 2017 ला जगाने ते पाहिलं. युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट सर्व्हर हल्लेखोरांनी काबीज केले आणि अपडेटच्याच वाटेने ‘नॉटपेट्या’ हा घातक व्हायरस पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क आडवं झालं आणि त्याची झळ थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदराला बसली. तिथलं मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल विस्कळीत झालं. पुढे 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीची सदोष अपडेट फाइल एकदम सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोलमडली. असा फटका मर्यादित ठेवायचा साधा उपाय: अपडेट आधी मोजक्या मशीनवर टाका, थांबा, बघा, मग पुढे पाठवा.

हे सगळं कळल्यापासून मला राहवत नाहीये! ज्या सर्व्हरकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्याच्यामागे माणसांनी केवढा विचार ओतलाय! तुमच्या ऑफिसात मशीन सांभाळणारं कुणी असेल, तर उद्याच त्यांना तीन प्रश्न विचारा. आपला अपडेट सर्व्हर शेवटचा कधी ताजा झाला? सही तपासली जाते का? आणि नवा अपडेट आधी कुठल्या मशीनवर जातो? तिन्हींची उत्तरं तयार असतील, तर त्या माणसाचे मनापासून आभार माना. नसतील, तर हाताशी असलेले दोन जुने लॅपटॉप घ्या, मिरर उभा करा आणि एक बाइट बदलून बघाच!