हरिपूरची पेवे

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. पण प्रत्यक्ष पेव पाहिलेला माणूस आता क्वचितच भेटेल. त्यासाठी सांगलीहून तीन-चार किलोमीटरांवरील हरिपूरला जावे लागते. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देवालय आणि ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव ही या गावाची परिचित ओळख. व्यापाऱ्यांच्या लेखी मात्र हरिपूर म्हणजे हळदीचे भांडार.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले, रांजणाच्या घाटाचे कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे, खाली पोट मोठे, खोली वीस-पंचवीस फूट. इथली माती इतकी घट्ट, की विटांच्या आधाराविना भिंती उभ्या राहतात. आत पाला-पाचट अंथरून वाळलेली हळकुंडे भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. आतील प्राणवायू हळूहळू सरतो, किडीला जगणे अशक्य होते आणि हळद रंगासह वर्षानुवर्षे टिकते. जी हवा किडीला मारक, ती माणसालाही. म्हणून पेव उघडल्यावर काही तास ते तसेच मोकळे ठेवीत. मग आत कंदील सोडीत. ज्योत टिकली तरच माणूस उतरे.

एवढी जपणूक कशासाठी, याचे उत्तर हळदीच्या गुणात आहे, तसेच बाजारातही. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेली हळद नऊ महिन्यांनी निघते, शिजवून वाळवली जाते आणि सर्वांचा माल एकाच वेळी सौद्याला येतो. ज्याला थांबता येते, त्याला भाव मिळतो. पेवाने ही थांबण्याची सोय केली. गुणाचे म्हणाल, तर आल्याच्या कुळातील या कंदाला आयुर्वेद ‘हरिद्रा’ म्हणतो. जखमेवर हळद लावावी, हे आजीला ठाऊक असलेले ज्ञान अमेरिकेत 1995 साली पेटंट म्हणून नोंदले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांतही वाळलेल्या हळदीला स्वयंपाकघरात स्थान आहेच.

2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. आतील हळद कुजली, कित्येक पेवे ढासळली. 2019 मध्ये पूर पुन्हा आला. तरीही सारा दोष नदीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. गोदामातील पोते केव्हाही मोजता येते, तपासता येते, त्याच्या पावतीवर कर्ज उभे राहते. पेवाचे तोंड एकदा उघडले, की सारा माल बाहेर काढावा लागतो. हिशेबाच्या वहीत गोदाम आणि शीतगृह सोयीचे ठरले. विजेचे बिल न येणारे कोठार मागे पडले.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाजार समितीत राजापुरी हळदीचे सौदे आजही निघतात. हरिपुरात मात्र ढासळलेली पेवे बुजवली गेली. पेव खणणारे आणि कंदिलाच्या ज्योतीवरून आतील हवा ओळखणारे हात थकले. त्यांच्या मुलांनी दुसरी कामे धरली आहेत.